विलायतेला न गेलेली पेटी

आमच्या घरचा सुईदोरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतो. तुमच्याकडेही बहुधा तसाच राहत असेल. त्यामुळे गेल्या दिवाळीत चिरोट्यांची बशी घेऊन मी वरच्या मजल्यावरील पारशी आंटींकडे गेले, तेव्हा टेबलावरची ती पेटी दागिन्यांचीच असणार, असे मी धरून चालले.

आंटींनी झाकण उघडले आणि चंदनाचा मंद वास खोलीभर पसरला. आत उचलून काढता येणारा एक कप्प्यांचा ट्रे. रिळांना जागा, अंगुस्तानाला जागा, टाचण्यांच्या गादीला जागा. दोऱ्याला लावायच्या मेणाचीसुद्धा वेगळी डबी! बाहेरून सगळीकडे तांदळाच्या दाण्याहूनही बारीक तुकड्यांची नक्षी होती. ही शिवणाची पेटी. विलायतेत अशा पेट्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत.

एवढे बारीक तुकडे एकेक करून कोण चिकटवीत बसले असेल, असे मी विचारले. आंटींनी बशीतला चिरोटा उचलून माझ्यापुढे धरला. “तू हे कसे करतेस?”

उत्तर त्यातच होते. पोळ्या एकावर एक ठेवून गुंडाळी करावी, मग आडवी कापावी. प्रत्येक कापात तेच वेटोळे दिसते. कारागीरही तसेच करीत. हस्तिदंत, आबनूस, पतंगाचे तांबडे लाकूड, कथलाची तार आणि हिरवा रंगवलेला हस्तिदंत यांच्या लांब तिकोनी काड्या सरसाने जुळवून जुडी बांधायची आणि ती करवतीने आडवी चिरायची. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी उमटते. मग त्या चकत्या चंदनी पेटीवर बसवायच्या. हे सादेली काम. इराणातल्या शिराझहून सिंध, तिथून सुरत आणि मग मुंबई, असा त्याचा प्रवास सांगतात. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मागणी वाढली. तिकडे विशाखापट्टणमला निराळी तऱ्हा होती: हस्तिदंतावर वेलबुट्टी कोरून तीत काळी लाख भरीत. तिथल्या काही पेट्या तर चक्क इंग्रजी घराच्या आकाराच्या, उतरत्या छपरासकट!

मुंबई-सुरतेचे हे काम करणाऱ्यांत पारशी पुष्कळ. पेटीगरा हे आडनाव त्यातूनच आलेले. धोबी तलावाजवळ कावसजी पेटीगरा या नामांकित पोलीस अधिकाऱ्याचा पुतळा आहे. त्याच्यावरून मी वर्षानुवर्षे गेले, पण आडनावात पेटी आहे हे कधी ध्यानात आले नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही खरे!

मला राहून राहून वाटते, पेटी घडवणाऱ्याच्या घरी शिवण कशात ठेवीत असतील? मेणाची डबी कशाला लागते, हे त्याला कुणी समजावून सांगितले असेल? झाकणाच्या आत, तळाशी, सगळीकडे मी पाहिले. कारागिराचे नाव कुठेही नव्हते.

ही पेटी इथेच का राहिली? आंटींच्या पणजोबांचे फोर्टात दुकान होते. एका मडमेने ती पसंत केली, पण पावसाळ्यात कोपरा फुगून नक्षीच्या चार चांदण्या निघाल्या आणि तिने ती परत केली, असे त्यांच्या घरात सांगतात. आता आंटींना ती लंडनच्या भाचीला द्यायची आहे. भाचीला शिवणाचा नादही आहे. पण शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तसा १९७२ चा कायदा आहे. शिवाय हा हस्तिदंत! त्याचा व्यापार आपल्याकडे १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी बंद झाला, आणि हत्तींकडे पाहता ते योग्यच झाले. म्हणजे विलायतेसाठी घडवलेली पेटी आता विलायतेला जाऊ शकत नाही.

“मग निदान दुरुस्त तरी करून घेऊ,” मी म्हणाले. सुरतेत हे काम अजून जाणणारे थोडे लोक आहेत. हस्तिदंताऐवजी ते दुसरे साहित्य वापरतात.

आंटींनी मान हलवली. मेणाच्या डबीतून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. तिच्यात त्या चार चांदण्या होत्या. पणजोबांनी जपून ठेवलेल्या.

“सरस कुठला आणू, ते तेवढे विचारून ये,” त्या म्हणाल्या.