गच्चीवरच्या विजेवर आंघोळीचे पाणी

सौर पॅनेलच्या विजेवर पाणी तापवायचे, म्हणजे उन्हाची आधी वीज करायची आणि मग त्या विजेची उष्णता. ऊन मुळातच उष्ण असताना हा वळसा कशासाठी, ही शंका रास्त आहे. महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर दिसणारा सौर बंब हा वळसा घेत नाही. त्याच्या काळ्या पत्र्यावर किंवा काचेच्या निर्वात नळ्यांवर ऊन पडते, आतले पाणी तापून हलके होते, वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी त्याची जागा घेते. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये सौर बंबाचे पेटंट घेतले. पुढे १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवण्याचा भाग आणि साठवणीची टाकी वेगळी केली, टाकीभोवती उष्णतारोधक आवरण घातले, आणि दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी वापरता येऊ लागले. सिलिकॉनचा सौर घट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तो तयार झाला, तेव्हा पडलेल्या उन्हापैकी जेमतेम ६ टक्क्यांची वीज होत असे.

आजची पॅनेल २० ते २२ टक्क्यांपर्यंत पोचली आहेत. चांगला सौर बंब मात्र उन्हातली निम्मी किंवा त्याहूनही जास्त उष्णता पाण्यात उतरवतो. केवळ जागेचा हिशेब केला तर बंबच जिंकतो, आणि वसतिगृह, रुग्णालय किंवा लॉज अशा ठिकाणी, जिथे बारा महिने भरपूर गरम पाणी लागते आणि गच्ची अपुरी असते, तिथे आजही त्याचीच निवड शहाणपणाची. घराचे गणित वेगळे आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात. चौघांच्या कुटुंबाला आंघोळीसाठी ४० अंशांचे १०० लिटर पाणी लागते असे धरू. जानेवारीत पुण्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी १८ अंशांवर असेल, तर ते २२ अंशांनी तापवायला अडीच युनिटच्या आसपास वीज पुरते. मे महिन्यात तेच पाणी ३० अंशांवर असेल, तर सव्वा युनिटही लागत नाही. विदर्भात तर उन्हाळ्यात नळातून आपोआप कढत पाणी येते आणि लोक आंघोळीसाठी थंड पाणी शोधतात.

बंबाची अडचण नेमकी इथे आहे. ऊन सर्वांत कडक असते तेव्हा गरम पाण्याला गिऱ्हाईक नसते, आणि बंबाची उष्णता दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आंघोळीला गरम पाणी हवेसे वाटते तेव्हा ढगांमुळे बंब कोमट पाण्यावर थांबतो आणि टाकीतले विजेचे कॉइल चालू करावे लागते. पॅनेलची वीज अशी एका कामाला बांधलेली नसते. मे महिन्यात ती पंखा, फ्रिज आणि कूलर चालवते, डिसेंबरात पाणी तापवते. महाराष्ट्रात १ किलोवॉटची पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतात. याचा अर्थ हिवाळ्यातली आंघोळ, टाकीतून वाया जाणारी उष्णता धरूनही, साधारण ५४० वॉटच्या दोन पॅनेलांत भागते.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने बंबाच्या नळ्यांत थर साचतो, गारपिटीत काच फुटते. इमारत उंच असेल तर आणखी एक नुकसान होते. अर्ध्या इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत ३० मीटर पाइप असेल, तर गरम पाणी येईपर्यंत रोज सकाळी पाच लिटर चांगले पाणी वाहून जाते. वीज मात्र न्हाणीघरातल्या टाकीपर्यंत तारेने येते.

ही वीज गीझरपर्यंत नेण्याचे दोन-तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा मार्ग नेट मीटरिंगचा. पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून घरात येते, उरलेली महावितरणच्या जाळ्यात जाते आणि तेवढे युनिट ग्राहकाच्या खात्यात जमा होतात. मार्च ते मे या महिन्यांत निर्मिती चांगली होते. हिशेबाचे वर्ष एप्रिलपासून मार्चअखेरपर्यंत असल्याने एप्रिल-मे महिन्यांची शिल्लक पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कामी येते. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना फारच कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात हशील नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. असा संच असलेल्या घराला पाण्यासाठी वेगळी पॅनेल लागत नाहीत, साधा गीझर चालतो. फक्त वीजपुरवठा गेला की असा इन्व्हर्टरही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था असते, त्यामुळे भर उन्हातही गीझर तापणार नाही.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात जाळ्यात दिलेल्या विजेचा भाव घसरला, तेव्हा तिथे डायव्हर्टर नावाचे उपकरण रूढ झाले. ते मीटरजवळच्या तारेतला प्रवाह मोजते आणि जेवढी वीज बाहेर चालली असेल तेवढीच टाकीच्या कॉइलकडे वळवते. युनिटला युनिट परत मिळते तोवर महाराष्ट्रातल्या घराला त्याचा उपयोग नाही.

जाळ्याला न जोडता पॅनेल थेट गीझरला जोडण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यात दोन खड्डे आहेत. पहिला विजेच्या मेळाचा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २ किलोवॉट गीझरच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम असतो. ५४० वॉटचे पॅनेल ४१-४२ व्होल्टला १३ अँपिअर देते, म्हणजे पूर्ण शक्ती घ्यायची तर त्याला ३.२ ओहमचे कॉइल हवे. ते सरळ गीझरला जोडले तर ९० वॉटच्या आसपासच शक्ती मिळते, बाकी क्षमता फुकट. अगदी जुळते कॉइल लावले तरी ऊन निम्मे झाल्यावर प्रवाह निम्मा, त्यामुळे व्होल्टही निम्मे आणि शक्ती पाव उरते. हा तोटा टाळायला पॅनेल आणि कॉइल यांच्यामध्ये एमपीपीटी, म्हणजे पॅनेलकडून कायम जास्तीत जास्त शक्ती काढून घेणारा नियंत्रक लागतो.

दुसरा खड्डा जास्त गंभीर आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे थर्मोस्टॅटचे स्पर्शबिंदू उघडताना पडलेली ठिणगी लगेच विझते. पॅनेलची डीसी वीज शून्यावर येतच नाही. ठिणगी टिकून राहते, स्पर्शबिंदू वितळून चिकटतात आणि पाणी तापल्यावरही गीझर बंद होत नाही. बंद टाकीत पाणी उकळत राहिले की टाकी फुटू शकते. म्हणून डीसीसाठीच बनवलेले थर्मोस्टॅट, एमसीबी आणि स्विच असल्याशिवाय हा प्रयोग कोणी करू नये. दाब सोडणारा व्हॉल्व्ह, चांगले अर्थिंग आणि गीझरच्या एसी जोडणीवर गळतीचा प्रवाह दिसताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर परवडत नाही.

विजेचा सर्वांत चांगला उपयोग हीट पंप करतो. तो उष्णता निर्माण करत नाही, फ्रिजच्या उलट कामाने ती भोवतालच्या हवेतून ओढून पाण्यात सोडतो, आणि एका युनिटच्या बदल्यात सुमारे तीन युनिटइतकी उष्णता देतो. महाराष्ट्रातली हवा क्वचितच फार गार होते, म्हणून त्याला हे हवामान मानवते. अडीच युनिटचे काम एका युनिटच्या आत होते. त्यामुळे बंबाने जागेच्या हिशेबात मिळवलेली आघाडीही जवळपास पुसली जाते. किंमत मात्र गीझरच्या कितीतरी पट आहे आणि दुरुस्ती करणारे अजून मोजकेच, म्हणून लहान कुटुंबाला तो आज महागच पडतो.

पाणी कधी तापवायचे याचा विचार घरोघरी फारसा होत नाही. गीझर पहाटे लागतो आणि ऊन दुपारी असते. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महाराष्ट्रात सकाळी ९ ते ५ या वेळेतल्या विजेवर सवलत मिळू लागली आहे, ती याच कारणाने की त्या वेळी सौर वीज मुबलक असते. त्याचा फायदा घ्यायचा तर टायमर लावून दुपारी पाणी तापवावे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत राखावे. ३ लिटरचा इन्स्टंट गीझर इथे निरुपयोगी, साठवणीची टाकीच हवी. ती फार मोठी नको, कारण ६० अंशांच्या पाण्यात विसण घालायचेच असते. १८ अंशांचे विसण धरले तर आंघोळीच्या १०० लिटरांसाठी ६० अंशांचे ५२ लिटर पाणी पुरते. रात्रभरात थोडी उष्णता जाणार, म्हणून ७०-८० लिटरची, जाड आवरणाची टाकी चौघांना ठीक. स्टार मानांकन पाहावे ते याच गळतीसाठी, कारण साठवणीच्या गीझरचे तारे मुख्यतः उभ्या टाकीतून किती उष्णता निसटते यावर ठरतात. तापमान ४०-४५ अंशांवर ठेवून वीज वाचवण्याचा सल्ला साठवणीच्या टाकीला लागू नाही. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया घडवणारे लीजनेला जिवाणू वाढतात. ६० अंशांना ते मरतात, म्हणून टाकी ६० अंशांपर्यंत तापू द्यावी आणि विसण बादलीत घालावे.