रोझेटो गावाची गोष्ट आणि आपलं मंडळ

न्यू जर्सीहून इंटरस्टेट ८० धरून पश्चिमेला निघालं, की डेलावेअर नदी ओलांडून आपण पेन्सिल्व्हेनियात शिरतो. तिथून थोडं दक्षिणेला, स्लेटच्या खाणींच्या मुलखात, रोझेटो नावाचं एक छोटं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतल्या रोझेटो वालफोर्तोरे या खेड्यातून आलेल्या मंडळींनी ते वसवलं आणि त्याला आपल्या मूळ गावाचंच नाव दिलं. पुरुष खाणीत राबत, बायका ब्लाऊज शिवण्याच्या कारखान्यांत जात. १९५० नंतरच्या दशकात स्ट्युअर्ट वुल्फ या डॉक्टरांच्या कानावर एक नवल आलं. या गावात पासष्टीच्या आतल्या माणसाला हृदयविकार झालेला क्वचितच दिसतो! त्या काळी अमेरिकेत हृदयविकाराने कर्त्या पुरुषांचे बळी घेण्याचा सपाटा लावला होता, म्हणून हे नवल.

वुल्फ आणि समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून यांनी शोध सुरू केला. पहिला संशय अर्थातच खाण्यावर. पण रोझेटोकर डुकराच्या चरबीत तळलेलं मजेत खात होते, वाइन पीत होते, धूम्रपान करत होते, आणि बरेचजण चांगले जाडजूड होते. शेजारच्या बँगोर गावाचं पाणी तेच आणि डॉक्टरही तेच, पण तिथे हृदयविकार इतरांसारखाच होता. मग रक्तातच काही असेल म्हणावं, तर गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या नातेवाइकांना हे कवच लाभलं नव्हतं. शेवटी उरलं ते गावाचं वागणं. एका घरात तीन पिढ्या, म्हाताऱ्यांना मान, येताजाता ओट्यावर गप्पा, गावात भरपूर मंडळं, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तो मिरवायचा नाही असा अलिखित नियम.

१९६४ साली हे निष्कर्ष छापून आले. हे धागे सैल झाले की कवचही जाईल, असं भाकीतही अभ्यासकांनी केलं होतं. तसंच झालं. मुलं कॉलेजात गेली, कुंपणवाली स्वतंत्र घरं झाली, मोटारी आल्या, मंडळं ओस पडली, आणि १९७० च्या दशकापर्यंत रोझेटो हृदयविकारात शेजाऱ्यांच्या पंक्तीला येऊन बसलं. पन्नास वर्षांच्या मृत्यूंची तुलना करणारा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्यात हा सारा उतार दिसतो.

एक गाव पुरेसं नाही

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एकाच चाचणीवर प्रोग्रॅम बरोबर ठरवायचा नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. रोझेटो तर दोन हजारांच्या आतबाहेरचं गाव. म्हणून दुसरी चाचणी पाहू.

१९६५ च्या सुमारास जपान, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को परिसर अशा तीन ठिकाणच्या जपानी पुरुषांचा मोठा अभ्यास सुरू झाला. हृदयविकार जपानात सर्वांत कमी, हवाईत मधला आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त निघाला. वंश एकच, फक्त मुक्काम बदलला. यावर "इकडचं खाणं बाधलं" असं कोणीही म्हणेल. पण मायकेल मार्मट आणि लेनर्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,८०९ जपानी-अमेरिकन पुरुषांची माहिती तपासून १९७६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांनी आपल्या समाजाशी, आपल्या रीतीने जगण्याशी नातं घट्ट ठेवलं होतं, त्यांच्यातलं हृदयविकाराचं प्रमाण जपानइतकंच कमी होतं. ज्यांचं नातं सर्वांत तुटलं होतं, त्यांच्यात ते तिपटीपासून पाचपटीपर्यंत गेलं होतं. आहार, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट हे सगळं हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही.

त्यानंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसं एकत्र धरून केलेल्या पाहणीत, ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम आहेत त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली. २०२३ साली अमेरिकेचे त्यावेळचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं अधिकृत पत्रकच काढलं.

मग आपण सुखरूप का नाही?

हे वाचून कोणी म्हणेल, "आपल्याकडे तर मंडळ आहे, गणपती आहे, दिवाळी आहे, दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण आहे. आपण रोझेटोच!" दुर्दैवाने आकडे वेगळं सांगतात. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को बे एरिया इथल्या दक्षिण आशियाई लोकांचा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० साली सुरू झाला. त्यातल्या पहिल्या ९०६ जणांची इतर समाजांशी तुलना केली, तेव्हा वयाचा फरक काढून टाकल्यावर मधुमेहाचं प्रमाण आपल्यात २३ टक्के निघालं. गोऱ्या अमेरिकनांत ते ६ टक्के होतं आणि चिनी वंशाच्या लोकांत १३.

याचं एक कारण आपल्या शरीराच्या ठेवणीत आहे आणि ते पुण्यातच उलगडलं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणारा मराठी माणूस आतून सडपातळ असतोच असं नाही.

दुसरं कारण मात्र आपल्या रीतिरिवाजांत आहे, आणि तिथे आपण काही करू शकतो. रोझेटोचे पुरुष दिवसभर दगड फोडत होते, आपण दिवसभर खुर्चीत बसतो. आपला कार्यक्रम सहाचा, सुरू होतो सातला, जेवण साडेनऊला. ताटात बटाटेवडा, पुरी, मसालेभात, श्रीखंड. म्हणजे बटाटा, मैदा, तांदूळ आणि साखर. वर आग्रह! नको म्हणणाऱ्याला "एवढ्याने काय होतंय" म्हणून आणखी एक वाटी. उपास केला तरी साबुदाणाच. शाकाहारी म्हणजे आरोग्यदायी, असा आपला समज आहे, पण त्या शाकाहारात उसळ आणि कोशिंबीर चमचाभर असते.

याहून घातक आहे ती आपली झाकपाक. अमक्याला शुगर आहे हे घराबाहेर कळता कामा नये, मुलामुलींच्या लग्नाला अडचण येईल. डिप्रेशन तर शब्दच नको, "जरा टेन्शन आहे" एवढंच. घरातली बाई सगळ्यांच्या डॉक्टरच्या तारखा पाठ ठेवते आणि स्वतःची पुढे ढकलते. म्हणजे माणसं जमतात, पण ज्याने माणूस खचतो ते सोडून बाकी सगळं बोलतात. रोझेटोत एकाचं दुखणं साऱ्या गावाला ठाऊक असे.

एकटे कोण पडतात?

आपल्यातही दोन गट विशेष एकटे पडतात. पहिला, सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील. माझे बाबा पुण्यात सकाळी दूध आणायला, मग बागेत, संध्याकाळी कट्ट्यावर, असे सहज तीन-चार मैल चालतात आणि वीस माणसांशी बोलतात. इकडे सबर्बमध्ये फुटपाथ नाही, गाडी चालवता येत नाही, आम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत. खाणं घरचंच, गोळ्या त्याच, तरी त्यांची साखर इकडे आल्यावर चढते. यात त्यांचा दोष काय?

दुसरा गट, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर आलेले जोडीदार. २०१५ साली एच-४ व्हिसाच्या काहीजणांना कामाची परवानगी मिळू लागली, पण सगळ्यांना नाही. शिकलेलं माणूस वर्षानुवर्षं घरात बसतं, आणि विचारलं तर "छान चाललंय" म्हणतं. ज्यांची नोकरी आहे त्यांच्याही डोक्यावर ग्रीन कार्डची रांग आणि रात्री साडेनवाला भारतातल्या टीमचा फोन. एच-१बीवाल्याची नोकरी गेली, तर २०१७ च्या नियमाप्रमाणे साधारणपणे जास्तीत जास्त साठ दिवस हातात असतात. त्या साठ दिवसांत कोणाचं ब्लडप्रेशर नॉर्मल राहील?

थोडं पैशाविषयी

१. बहुतेक विमा योजनांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे ठरावीक प्रतिबंधक तपासण्या नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे केल्या, तर खिशातून काही द्यावं लागत नाही. आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी बॉडी मास इंडेक्स २३ पासूनच विचारात घ्यावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन २०१५ पासून सांगते. इतरांसाठी हा आकडा २५ आहे. डॉक्टर विसरले तर आपण आठवण करावी.

२. आई-वडिलांचा व्हिजिटर इन्शुरन्स घेताना फक्त हप्ता पाहू नये. ठरावीक रक्कम देणारी 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी स्वस्त असते, पण इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ती रक्कम किरकोळ ठरते. आधीपासून असलेला मधुमेह किंवा रक्तदाब बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, किंवा अचानक उद्भवलेल्या त्रासापुरताच आणि वयाच्या अटीवर धरलेला असतो. ते कलम सही करण्यापूर्वी वाचावं.

३. ग्रीन कार्डवर आलेल्या पासष्टीपुढच्या पालकांना पाच वर्षं सलग राहिल्यावर हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. त्याआधीच्या काळाची सोय वेगळी करावी लागते.

४. नोकरी गेल्यास वीस किंवा अधिक नोकरांच्या कंपनीचा विमा 'कोब्रा'खाली साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो, मात्र पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के आपल्याला भरावे लागतात. तो आकडा नोकरी असतानाच माहीत करून घ्यावा.

मंडळाने काय करावं?

२००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निकाल आले. आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि सात टक्के वजन कमी, एवढं उद्दिष्ट ठेवल्यावर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. त्या लोकांना मार्गदर्शकाची सोबत आणि वारंवार विचारपूस होती, हे महत्त्वाचं. एकट्याने जानेवारीत जिमची वर्गणी भरून काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे!

विचारपूस हे तर मंडळाचंच काम. म्हणून कार्यकारिणीपुढे चार साध्या सूचना ठेवतो. एक, जेवण कार्यक्रमाच्या आधी, साडेसहाला. ताटात एक गोड, एकच तळलेला पदार्थ, आणि उसळ, कोशिंबीर, ताक भरपूर. श्रीखंड राहू द्या, आग्रह तेवढा बंद. दोन, गणपतीच्या दिवशी हॉलच्या एका कोपऱ्यात रक्तदाब तपासणी. आपल्यात डॉक्टर आणि नर्स काही कमी नाहीत. तीन, आलेल्या आई-वडिलांची यादी करून आठवड्यातून दोनदा त्यांना पार्कमध्ये किंवा मॉलमध्ये नेण्याच्या पाळ्या लावणं. चार, नोकरी गेलेल्या किंवा आजारपण आलेल्या घराला न विचारता फोन करणारी तीन-चार माणसं नेमणं. त्यांनी ऐकलेलं त्यांच्यापाशीच राहील, हा नियम आधी सगळ्यांना सांगावा. म्हणजे बोलणारा मोकळेपणाने बोलेल.

यातल्या तिसऱ्या सूचनेसाठी शनिवार सकाळच्या पाळीवर पहिलं नाव माझं लिहून घ्यावं. गाडीत चार जणांची जागा आहे, आणि बाबांना बुद्धिबळाला जोडीदार हवाच आहे.