जपान, तालुका पलूस, जिल्हा सांगली

ओटाकू मंडळी, हजर का? 'वन पीस'चे हजारावर भाग संपवलेले, मॅगीत अंडं फोडून तिला रामेन म्हणणारे, आरशासमोर वाकून 'अरिगातो' घोटणारे, सगळे जरा पुढं सरका. टोकियोच्या तिकिटाचे भाव नंतर बघा. जपान तुमच्या बांधावर कधीचा येऊन उभा आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही!

माहीत आहे का, सांगली जिल्ह्यातल्या एका वाडीत जपानचा पत्ता सापडतो? पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना थाटला, तेव्हा तिथं वस्ती होती निवडुंगाची आणि सापांची. स्टेशनचं नावही 'कुंडल रोड' होतं. त्याच वाडीत १९८८ साली टोकियोची एबारा कंपनी पंपांसाठी भागीदार झाली आणि किर्लोस्कर एबारा जन्माला आली. पुढं १९९७ मध्ये किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीनं टोयोटाशी सोयरीक जमवली. म्हणजे प्रचाराला, वरातीला आणि बाळूमामाच्या दर्शनाला धावणाऱ्या इनोव्हाचं एक आजोळ आपल्या पुणे-मिरज लाइनवर आहे. मामा, हॉर्न वाजवा!

आता तासगावात उतरू. एखाद्या द्राक्षबागायतदाराला विचारा, 'काय हो, जीए वाचलेत का?' तो म्हणेल, 'वाचत न्हाई, बुडवतो!'

घाबरू नका. हे जीए कुलकर्णी नव्हेत, हे जिबरेलिक ॲसिड. ऑक्टोबर छाटणी झाली, घड बाहेर पडले, की माणसं वेलींच्या ओळीओळीनं फिरतात आणि एकेक घड जीएच्या पाण्यात बुडवून सोडतात. घड लांबतो, मण्याला मोकळी जागा मिळते, मणी फुगतो आणि एक्स्पोर्टच्या साइजकडं सरकतो. बुडवायचं नेमकं कोणत्या दिवशी, किती पीपीएमला, यावर टपरीवर अशी चर्चा रंगते की विधानसभा फिकी पडावी.

आणि हे जीए सापडलं कुठं? जपानी भातात! तिकडच्या शेतकऱ्यांना एक विचित्र रोग छळायचा. रोपं शेजाऱ्यापेक्षा उंच, ताडमाड वाढायची, फिकी पडायची आणि दाणा न भरताच लोळायची. लोकांनी त्याला नाव ठेवलं वेड्या रोपाचा रोग. १९२६ मध्ये एइइची कुरोसावा यांनी दाखवून दिलं, की एक बुरशी रसायन सोडते आणि तेच रोपाला असं पळवत सुटतं. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याचं बारसं केलं, जिबरेलिन. भाताला वेड लावणारं हे प्रकरण तासगावात येऊन एकदम शहाणं झालं, नाही?

थांबा, भाव ऐका. जपानच्या इशिकावा भागात 'रुबी रोमन' नावाची लाल द्राक्षं पिकतात. प्रत्येक मणी किमान २० ग्रॅमचा पाहिजे, नाहीतर नावच मिळत नाही. २०२० च्या हंगामातल्या पहिल्या लिलावात एक घड गेला १३ लाख येनला. तेव्हाचे आपले साधारण ९ लाख रुपये. एका घडाला! बागायतदारांनो, आधी पाणी प्या, मग पुढं वाचा.

व्हॉल्यूम वाढवा, आता म्युझिक! हळदीचा कार्यक्रम, मांडवात बेंजो पार्टी, पोरं घामाघूम. बेंजो म्हटलं की अमेरिकेतली कुठली तरी तंतुवाद्याची डबी वाटते ना? आपल्याकडचा बेंजो तो नाहीच. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग आणि बुलबुलतरंगाचे तीर्थरूप आहेत जपानी 'ताइशोगोतो'. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. सूर शोधायची कटकट नको, कळ दाबा नि वाजवा! तिकडं ताइशो राजवट त्याच वर्षी सुरू झाली होती, तेच नाव वाद्याला चिकटलं. पुढं या वाद्यानं भारत गाठला, ॲम्प्लिफायरला जोडून घेतलं आणि गणपतीपुढं नाचायला लागलं.

बरं, बेंजोच्या बाजूला काय असतं? कॅसिओ. कंपनी टोकियोची. त्याच्या बाजूला? ऑक्टोपॅड. तो रोलंडचा, कंपनी १९७२ साली ओसाकात सुरू झालेली. म्हणजे तुमच्या वरातीत पक्के देशी दोघंच, नवरा आणि नवरी.

जाता जाता: कॅसिओच्या संस्थापकांचं सुरुवातीचं गाजलेलं प्रॉडक्ट कीबोर्ड नव्हतं, घड्याळही नव्हतं. ती होती बोटात घालायची अंगठी, जिच्यात सिगारेट खोचून काम करता करता शेवटपर्यंत ओढता यायची. युद्धानंतरची टंचाई, दुसरं काय!

सूर लागलाच आहे तर यामाहा आरएक्स १०० ला विसरून कसं चालेल? भारतात ती १९८५ ते १९९६ एवढीच बनली, पण आपल्याकडं अजून एखादी चकचकीत ठेवलेली दिसली की पोरं ब्रेक मारून बघतात. आता तिच्या टाकीवरचा लोगो नीट बघा. ते तीन काटे दिसतात ना? ते आहेत ट्यूनिंग फोर्क, सूर जुळवायचे चिमटे! कारण १८८७ मध्ये तोराकुसू यामाहा यांनी हामामात्सूत एका शाळेची बिघडलेली पेटी दुरुस्त केली, तिथून या घराण्याचा उगम. मिरजेत तंबोरे जुळवणाऱ्या गल्लीतून आरएक्स फटफट करत गेली, तर ती आपली भाऊबंदच समजायची. सायलेन्सर काढलेला असेल तर मात्र नातं तोडा.

क्विझ टाइम! खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पॉकेट डायनॅमो शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना पाठ आहे. पण त्या वजनी गटात गोल्ड कुणी नेलं? शोहाची इशी, जपान! हे इशी मुळात ज्यूदोवाले. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली, मग गडी कुस्तीकडं वळला. आणि हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकुलतं एक सुवर्ण. खाशाबांची इशींबरोबरची कुस्ती लांबली, आणि ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं. मधली विश्रांती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. साताऱ्यात हा विषय काढून बघा, सत्तर वर्षांनंतरही लोक चिडतात, आणि बरोबरच चिडतात.

आता गंमत. खाशाबांचा वाढदिवस १५ जानेवारी, महाराष्ट्राचा क्रीडा दिन. आणि जपानमध्ये त्याच दिवशी काय असतं? स्ट्रॉबेरी डे! तिकडं आकड्यांवरून शब्द जुळवायची फार हौस. एक म्हणजे 'इची', पाच म्हणजे 'गो', आणि 'इचिगो' म्हणजे स्ट्रॉबेरी. एवढ्यावर थांबतील ते जपानी कसले? दर महिन्याच्या २२ तारखेला ते 'शॉर्टकेक डे' करतात. का? कॅलेंडरमध्ये २२ च्या डोक्यावर कायम १५ बसलेली असते, केकवर स्ट्रॉबेरी बसते तशी! महाबळेश्वर-पाचगणीवाल्यांनो, एवढी स्ट्रॉबेरी पिकवता, ही आयडिया फुकट घ्या.

साताऱ्यातच आहोत तर जरा शाळेत डोकावू. मुरुडचा एक किरकोळ अंगाचा पोरगा सार्वजनिक परीक्षेसाठी घाट चढून, शंभरेक मैल चालत साताऱ्याला आला. परीक्षकांनी त्याला बघितलं आणि वय कमी दिसतंय म्हणून परत पाठवलं! तो पोरगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. जपानचा काय संबंध? पुढं कर्व्यांच्या हातात टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पडली. ती वाचून डोक्यात चक्रं फिरली आणि १९१६ मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं, आजचं एसएनडीटी. वय बघून हाकललेल्या या गृहस्थांनी नंतर शंभरी पार केली, हा वेगळाच जोक.

दुसरी शाळा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा सप्टेंबर २०१५ पासून जपानच्या कोयासान विद्यापीठात उभा आहे, वाकायामातल्या डोंगरावर. तिथल्या स्मशानभूमीत थडग्यांवर सिद्धम् अक्षरं कोरलेली दिसतात. ती आपल्या देवनागरीच्या नात्यातली.

एक पान गंभीर. मार्च १९४४, मणिपूरमधलं सांगशाक. कोहिमाच्या दिशेनं निघालेल्या जपानी फौजेला काही दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. पाणी तुटलं होतं, विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्याच हद्दीत पडत होती. ते चार-सहा दिवस पुढं कोहिमाच्या बचावाला फार उपयोगी पडले. 'जपान आणि आपण' म्हणताना हेही मोजायला हवं.

चला, नाटकाची तिसरी घंटा! सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ पासून. पुरुषांनी शालू नेसून अख्खं थिएटर वेडं करायचं हे बालगंधर्वांच्या मुलखाला सांगायला नको. तसंच जपानी काबुकीचं. पण माहीत आहे का, काबुकी सुरू केली एका बाईनं? इझुमो नो ओकुनी, १६०३ च्या सुमारास. आणि १६२९ मध्ये सरकारनं बंदी कुणावर घातली? बायकांवरच! आपले रसिक 'वन्स मोअर' ओरडायचे. काबुकीचे पट्टीचे रसिक ऐन मोक्याला नटाच्या घराण्याचं नाव ठोकतात. चुकीच्या क्षणी ओरडलात तर अब्रू गेलीच.

सांगलीचं दुसरं वेड बुद्धिबळ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथं पिढ्या घडवल्या. जपानी बुद्धिबळ म्हणजे शोगी, पट ९ बाय ९ चा. त्यात मारलेली सोंगटी मरत नाही, ती तुमच्या बाजूनं खेळायला लागते! कालचा शत्रू आज आपला प्यादा. महाराष्ट्राला हा गेम शिकवायची गरज आहे, असं वाटत नाही.

भूक लागली? जपानी नौदलाच्या जहाजांवर दर शुक्रवारी करी-राइस शिजतो, कारण समुद्रात वार कळत नाही. करी दिसली की शुक्रवार! ती पिवळी कशानं? हळदीनं. ऑफिसनंतर 'बसणाऱ्यां'साठी तिथं हळदीचं ड्रिंकसुद्धा मिळतं, 'उकोन नो चिकारा', २००४ पासून. आणि हळदीचा विषय निघाला की हरिपूरची पेवं आलीच. कृष्णाकाठी जमिनीत खोल खणलेली, निमुळत्या तोंडाची कोठारं; तोंड उघडून आधी हवा खेळू द्यायची, मगच माणूस आत उतरायचा. २००५ च्या महापुरानं त्यातली कितीतरी खाल्ली. आपण हळद जखमेला लावतो, दुधात घालतो. हँगओव्हरचं मार्केट मात्र त्यांनी मारलं.

गोडात? क्योतोला 'कामेया कियोनागा' नावाचं १६१७ पासूनचं दुकान आहे. तिथं तिळाच्या तेलात तळलेली, वरून चुण्या घातलेली पुरचुंडी मिळते, 'कांकिदान'. दिसायला हुबेहूब तळणीचा मोदक! तो ज्याला वाहतात तो कांगितेन म्हणजे जपानचा गजमुखी देव. त्याला मुळाही चालतो बरं का. सांगलीच्या गणपतीपुढं मुळा नेऊन बघा, पुजारी काय म्हणतात ते आम्हाला कळवा.

विद्यार्थ्यांसाठी टिप: जेएलपीटी, म्हणजे जपानीची जागतिक परीक्षा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. आपल्याला जवळचं सेंटर पुणे. पाच लेव्हल, सगळं ऑब्जेक्टिव्ह. बोलायची परीक्षाच नाही! तोंड न उघडता एन-वन पास होता येतं. पुण्यात तोंड न उघडता बाकी काहीच पास होत नाही.

आता मेडल्स. मे २०२४ मध्ये कोबेला जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी गोळा फेकला १६.३० मीटर. गोल्ड, वर आशियाई विक्रम! करगणीत काय जल्लोष झाला असेल ते सांगायला नको.

त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाजीला उतरला होता. जगात दुसऱ्या नंबरवर असलेल्या रशियनाला त्यानं घरी पाठवलं. ते मैदान कुठं होतं माहीत आहे? युमेनोशिमा बेटावर. हे बेट बनलंय टोकियोच्या कचऱ्याचं, अक्षरशः भराव घालून!

आणि तिथली पदकं? तीही भंगारातून. जपान्यांनी घरोघरचे जुने मोबाईल आणि गॅजेट्स गोळा केले. ७८,९८५ टन माल, त्यात ६२ लाखांवर मोबाईल. वितळवून काढलं ३२ किलो सोनं, साडेतीन हजार किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ. त्यातून सुमारे ५,००० पदकं.

आता सांगा, देशभर गल्लोगल्ली सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कुणाचा हात धरता येत नाही? विटा-खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांचा! टोकियोवाल्यांनी एक फोन विट्याला लावला असता, तर किलोभर सोनं जास्तच निघालं असतं. कदाचित अर्धा किलो घटही लागली असती, पण हिशेब तोंडावर चोख दिला असता.