गुलामाचा नातू झाला थोर रसायनशास्त्रज्ञ

‘सायन्स आपल्या पोरांना झेपायचे नाही’ असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही पर्सी ज्युलियन यांची हकिगत आवर्जून सांगतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८९९ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाचे आजोबा गुलाम होते. तरीही डीपॉ विद्यापीठात १९२० साली ते पहिले आले. पीएच.डी. मात्र त्यांना दूर व्हिएन्नात जाऊन, १९३१ साली मिळवावी लागली.

१९३५ साली जोसेफ पिकल यांच्यासह त्यांनी काचबिंदूवरील फायसोस्टिग्मीन हे औषध प्रयोगशाळेत तयार केले. ऑक्सफर्डच्या नामांकित रॉबर्ट रॉबिन्सन यांचा दावा त्यांनी चुकीचा ठरविला. एवढे करूनही वर्णामुळे प्राध्यापकाची जागा मिळाली नाही! मग शिकागोच्या ग्लिडन कंपनीत त्यांनी सोयाबीनपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनविले आणि महागडी औषधे स्वस्त होण्यास हातभार लावला.

१९५० साली ओक पार्कमधील त्यांचे नवे घर पेटविण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी डायनामाइट फेकले गेले. कुटुंब हलले नाही. १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

वाचकहो, मुलाला प्रयोगाची गोडी लागली तर त्याला अडवू नका, एवढीच आमची विनंती.