चिनी गुलाब आणि त्याची मंडईंतील बहीण

१८८६ सालीं ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या आणि पुढें महात्मा फुले ह्यांचें नांव लाभलेल्या पुण्याच्या मंडईंत घोळीची जुडी न पाहिलेला वाचक विरळाच. लालसर देंठांची व मांसल पानांची ही आंबट भाजी पुष्कळ घरीं होते. परंतु तिची एक नटवी बहीण आपल्याच कुंडीच्या कांठावरून लोंबत असते, हें आमच्याहि बरेच दिवस ध्यानांत आलें नव्हतें. ती म्हणजे चिनी गुलाब.

नांव सर्वस्वीं फसवें आहे. ही वनस्पति गुलाबाच्या कुळांतील नव्हे व चीनचीहि नव्हे. तिचें माहेर दक्षिण अमेरिकेंत, ब्राझील-अर्जेंटिनाकडे. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर ह्यांनीं १८२९ सालीं तिला ‘पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा’ असें नांव दिलें. घोळ ही ‘पोर्तुलाका ओलेरासिया’. घोळीचें पान चपटें, हिचें सुईसारखें गोल. घोळीचें फूल इवलेंसें पिवळें, हिचीं लाल, जांभळीं, केशरी, पांढरीं. ऊन चढल्यावर फुलें उमलतात व दुपार कलतांच मिटतात, म्हणून कोणी हिला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. ढगाळ दिवशीं मात्र तीं बहुधा रजेवर असतात! उमललेल्या फुलांतील पुंकेसरांना गवताची काडी हलकेच लावून पाहावी. ते आपण होऊन झुकतात.

दोघी बहिणींची खरी कर्तबगारी पाण्याच्या टंचाईंत दिसते. अशा वेळीं त्या दिवसां पानांचीं छिद्रें मिटून ठेवितात, रात्रीच्या गारव्यांत थोडा वायु घेऊन आम्लाच्या रूपानें सांठवितात, आणि उन्हांत त्यापासून साखर करितात. म्हणूनच पहांटे खुडलेली घोळ सायंकाळीं खुडलेलीपेक्षां अधिक आंबट लागते.

हें ठाऊक नसल्यामुळें आम्हीं एका श्रावणांत चिनी गुलाबाला मोठ्या प्रेमानें दोन वेळां पाणी घातलें आणि सबंध कुंडी कुजविली. वांचली ती मोडून भिंतीच्या कडेस पडलेली एक फांदी. तिनें तेथेंच मुळें धरिलीं.

मुलांनीं अंगणांतील घोळ भाजीसाठीं खुडतांना एक काळजी घ्यावी. तिच्याच शेजारीं तशीच जमिनीसरपट पसरणारी दुधी उगवते, व ती खाण्याजोगी नाहीं. देंठ मोडून पाहावा: दुधीच्या देंठांतून पांढरा चीक येतो, घोळींतून नुसतें पाणी.