चहा झाला का?

स्ट्रेस थॅलियम या हृदयाच्या तपासणीला आलेल्या माणसाला आम्ही आधी विचारतो, ‘चहा झाला का?’ समोरचा आनंदाने ‘हो’ म्हणाला, की त्याचा त्या दिवसाचा नंबर गेला. 24 तास चहा-कॉफी बंद, हे कागदावर ठळक छापलेलं असतं. पण सिल्वासाहून पहाटे निघून वापीच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट बघणाऱ्याला कागद कुठला आठवतो!

सिल्वासाच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले काका मात्र चहाला शिवले नव्हते. शपथेवर सांगत होते. काकू मध्येच म्हणाल्या, ‘चहा नव्हता म्हणून तर कॉफी घेतली ना!’

काकांचे गुडघे गेलेले, ट्रेडमिल अशक्य. अ‍ॅडेनोसिन देऊन हृदयाच्या धमन्या फुलवायच्या होत्या. निरोगी धमनीत त्याने रक्ताचा ओघ तिप्पट-चौपट होतो, तुंबलेलीत फारसा वाढत नाही. हाच फरक कॅमेऱ्यात पकडायचा. कॅफीन नेमकं अ‍ॅडेनोसिनच्याच जागा अडवून बसतं. मग रिपोर्ट नॉर्मल आणि आजार जागच्या जागी. काकांचा मुक्काम बोरिवलीला भाचीकडे पडला.

चरफड आमचीही होते. नाव थॅलियमचं असलं तरी शिरेतून हल्ली बहुधा किरणोत्सारी टेक्नेशियम जातं, आणि ते दर 6 तासांनी निम्मं होतं. आजचा डोस उद्या चालत नाही. 2009मध्ये त्याचा कच्चा माल पुरवणारी कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली, तेव्हा तर जगभर या मालाची ओढाताण होती.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन झाल्यावर काकांना म्हटलं, ‘खाली जाऊन बटाटावडा खाऊन या.’ काका बघतच राहिले. ‘डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय हो!’ पण टेक्नेशियमचं औषध यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतं, आणि हृदयाची खालची भिंत यकृताला लागूनच. तिथला झगमगाट फोटोत आला, तर बहुतेकदा उजव्या धमनीवर चालणारा तो भाग नीट दिसत नाही. तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकसतं, माल पुढे सरकतो.

एवढं करूनही खालची भिंत फिकटच. काकांचं पोट बघून शंका आली, म्हणून पालथं झोपवून पुन्हा फोटो घेतला. फिकटपणा गेला, ती पोटाची आणि श्वासपटलाची सावली होती. पुढच्या भिंतीचा डाग मात्र उताणंही होता, पालथंही, आणि विश्रांतीच्या फोटोत भरून आला. म्हणजे स्नायू जिवंत, पण ताण पडला की उपाशी. संशय डाव्या पुढच्या धमनीवर. फाईल अँजिओग्राफीकडे गेली.

तिन्ही धमन्या सारख्याच तुंबलेल्या असत्या, तर फोटो एकसारखा दिसून आम्हाला चकवूही शकला असता; म्हणून ईसीजी आणि ताणानंतरचा हृदयाचा आकार बघितल्याशिवाय आमच्याकडे रिपोर्टवर सही होत नाही.