तेहेतीस प्रश्नांत सापडणारा माणूस

पृथ्वीवरील कोणताही एक माणूस मनात धरा. ज्यांचे उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असे देता येईल, असेच प्रश्न विचारून तो माणूस ओळखायचा आहे. किती प्रश्न लागतील? जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींच्या वर आहे. तेव्हा हजारो प्रश्न लागतील, असे तुम्हांला वाटेल. पण नेमके प्रश्न निवडले, तर ३३ पुरतात!

कसे ते पाहू. चांगला प्रश्न उरलेल्या लोकांचे दोन सारखे भाग पाडतो. पहिल्या प्रश्नानंतर निम्मे लोक गळतात, दुसऱ्यानंतर उरलेल्यांपैकी निम्मे. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दाणे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तीच येथे उलटी चालते. २ चा ३३ वा घात ८५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९२ इतका येतो. जगाची लोकसंख्या याहून कमीच आहे.

आता गंमत अशी, की यांतील कित्येक प्रश्नांची उत्तरे आपण कोणी आग्रह न करताच देत असतो. मोबाइलवर एखादा खेळ सुरू करताना एक तक्ता पुढे येतो. त्यात नाव नको असते. फक्त जन्मतारीख, मुलगा की मुलगी आणि पिनकोड भरायचा असतो. 'नाव तर दिले नाही, मग भीती कसली?' असे आपल्याला वाटते. थोडे गणित करू.

एका मोठ्या कपाटाची कल्पना करा. २९ फेब्रुवारी धरून वर्षाचे दिवस ३६६. वयाची ८० वर्षे धरली, तर जन्मतारखांचे खण झाले २९,२८०. स्त्री आणि पुरुष यांसाठी वेगळे खण केले, की ५८,५६०. भारताची लोकसंख्या १४० कोटींहून अधिक आणि पिनकोड सुमारे १९ हजार; म्हणजे एका पिनकोडात सरासरी ७४ हजार माणसे. ती या खणांत वाटली, तर एका खणात सरासरी सव्वा माणूस येतो! प्रत्यक्षात काही खणांत चार-पाच जण दाटीने बसतील, काही रिकामे राहतील. पण पुष्कळजण आपल्या खणात एकटेच असतील. त्यात शाळेचे नाव सांगितले, की उरलीसुरली शंकाही फिटते.

हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधनासाठी देण्यात आल्या. त्यांतील नावे आणि पत्ते काढून टाकले होते. परंतु जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक तसाच राहिला होता. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड तेथेच राहत. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार निघाले ६; त्यांत पुरुष ३; आणि वेल्ड यांच्या टपाल विभागातला त्यांतला फक्त १! गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद अशी उघडी पडली. पुढे २००० साली स्वीनी यांनी अंदाज केला, की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येतील. २००६ साली दुसऱ्या संशोधकाने केलेल्या फेरगणनेत हा आकडा ६३ टक्के आला. तोही काही थोडा नाही.

म्हणजे नाव पुसले, तरी ओळख पुसली जातेच असे नाही. शिवाय पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो; जन्मतारीख कशी बदलणार? तुमची जन्मतारीख आणि शाळा ठाऊक असलेला भामटा फोनवर ओळखीचा वाटतो, आणि आपण फसतो.

मग काय करावे? तक्त्यातील प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचारा : या कामाला ही माहिती खरोखर लागते का? बॅटरीसारखा उजेड पाडणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या मित्रांचे फोन क्रमांक कशाला हवेत? मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात पुष्कळदा जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. ती सोय बंद करता येते. जन्मतारखेचा पासवर्ड ठेवू नका. २९ हजार तारखा तपासणे संगणकाला क्षणाचे काम आहे. २०२३ साली आपल्या संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून असा तक्ता भरण्यापूर्वी घरी दाखवा.

आता हा प्रयोग वर्गात करून पाहा. एकाने कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव गुपचूप चिठ्ठीवर लिहावे. सर्वांनी उभे राहावे आणि 'हो-नाही'चे प्रश्न विचारावेत. दर उत्तरानंतर जे त्यात बसत नाहीत, त्यांनी खाली बसावे. ६४ पर्यंतच्या वर्गाला नेमके निवडलेले ६ प्रश्न पुरायला हवेत. तुमच्या वर्गाला किती लागले?